जगाचे प्रश्न आणि आपलीं मुलें

तरुण पिढीला जगाच्या प्रश्नांची जाणीव कशी करून द्यावी, आणि ती झाल्यावर तिच्या हातून कांहीं कार्य कसें घडावें, या विषयावर आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय मोठा आहे. बोलणारा मात्र एक निवृत्त शाळामास्तर आहे. मोठमोठ्या ग्रंथांचा आधार मी घेणार नाहीं. जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत मुलांच्या संगतींत जीं वर्षें काढलीं, त्यांनीं मला जें शिकविलें, तेंच आपणांपुढें ठेवणार आहें.

आरंभ माझ्या एका चुकीपासून करतों. एका श्रावणांत नववीच्या वर्गाला मीं निबंध घातला होता : ‘जगांतील भुकेचा प्रश्न’. वर्गांतील एका हुशार मुलाचा निबंध फार चांगला उतरला. आफ्रिकेंतील दुष्काळ, तेथील कोरडीं रानें, संयुक्त राष्ट्रसंघाचें कार्य, सारें त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें. मीं त्याला दहांपैकीं आठ गुण दिले आणि वर्गांत त्याचें कौतुकहि केलें. त्याच दिवशीं दुपारीं पाहतों, तों तो बाकावर डोकें टेकून निजलेला. विचारपूस केली तेव्हां कळलें, कीं आदल्या रात्रीं घांटलेल्या पातळ पेजेवांचून त्याच्या पोटांत कांहीं नव्हतें. घरांतील धान्य सरलें होतें. शाळेंत दुपारचें जेवण मिळतें तें आठवीपर्यंतच. नववींत गेलेल्या मुलाची भूक मात्र कमी झालेली नसते. त्याच्या धाकट्या बहिणीचें वजन घटल्याचें अंगणवाडीच्या बाईंनीं दोनदां घरीं येऊन सांगितलें होतें.

मीं त्याला म्हटलें, “अरे, मग यांतलें एक अक्षरहि निबंधांत कां नाहीं?”

तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही जगाचं विचारलं होतं. आमच्या घरचं नाय विचारलं.”

श्रोतेहो, त्या उत्तरापुढें मी निरुत्तर झालों. मुलाची चूक नव्हती. चूक माझी होती. जग म्हणजे समुद्रापलीकडचें कांहींतरी, असें मींच त्याला शिकविलें होतें. राष्ट्रसंघाची स्थापना २४ ऑक्टोबर १९४५ रोजीं झाली, हें त्याच्याकडून मीं घोकून घेतलें होतें. पण त्या संस्थेनें ज्या भुकेविषयीं ठराव केले, ती भूक त्याच्या घरच्या चुलीपाशीं बसली आहे, हें त्याला मीं कधीं दाखविलें नव्हतें. २०२३ सालीं जगांत सुमारें ७३ कोटी माणसें उपाशी होतीं, असें राष्ट्रसंघाचे अहवाल सांगतात. एवढ्या मोठ्या आंकड्यापुढें मूल दबून जातें, आणि आपण काय करणार, असें म्हणून पान उलटतें. त्याच आंकड्यांत आपली बहीण आहे, हें त्याला कळलें, म्हणजे मग तें पान उलटतां येत नाहीं.

ज्यांनीं हा भाग पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं थोडी माहिती सांगतों. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत हे दोन तालुके आहेत. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. त्यांचा राजवाडा पाहण्यास आजहि लोक येतात. मुंबईहून मोटारीनें निघालेला मनुष्य चार-पांच तासांत येथें पोंचतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी येथली वस्ती. दर दहा माणसांत नऊ आदिवासी. डोंगर हिरवेगार, धबधबे रमणीय, हवा उत्तम. प्रवासी येतो, छायाचित्रें काढतो आणि संतुष्ट होऊन परततो. परंतु या हिरवाईआड ज्या दोन गोष्टी घडत आल्या आहेत, त्या जगाच्या इतिहासाशीं जोडलेल्या आहेत, आणि मुलांना जग शिकविण्यास त्यांच्याहून उत्तम धडा मला ठाऊक नाहीं.

पहिली गोष्ट भुकेची. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या रोगांनीं दगावलीं. सारा महाराष्ट्र हळहळला. मंत्री आले, वृत्तपत्रांचे बातमीदार आले. आतां त्याच काळांतील दुसरी एक घटना पाहा. ११ डिसेंबर १९९२ रोजीं भारतानें बालकांच्या हक्कांच्या जागतिक संहितेस संमति दिली. प्रत्येक मुलाला जगण्याचा, पोटभर अन्नाचा व औषधपाण्याचा हक्क आहे, असें त्या संहितेंत लिहिलेलें आहे. एकीकडे हा करार, दुसरीकडे वावर-वांगणीचीं चिमुकलीं प्रेतें. हीं दोन पानें मीं पुढें पुढें वर्गांत शेजारीं शेजारीं ठेवूं लागलों, आणि मुलांना एवढेंच विचारूं लागलों, कीं या पानावरून त्या पानावर जाणारी वाट कोठें तुटली?

ही संहिता तरी कोठून आली? १९१९ सालीं पहिलें महायुद्ध संपलें होतें, तरी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी चालूच होती आणि ऑस्ट्रियांतील मुलें अन्नावांचून तडफडत होतीं. एग्लंटाइन जेब नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं, ज्या कांहीं काळ शिक्षिका होत्या, त्या मुलांचीं चित्रें छापून लंडनच्या चौकांत वांटलीं. सरकारनें त्यांच्यावर खटला भरला व पांच पौंड दंड केला. दंडाची रक्कम खटला चालविणाऱ्या वकिलानेंच देऊं केली, असें सांगतात. शत्रूच्या मुलांसाठीं मदत मागणाऱ्या या बाईंनीं बालकांच्या हक्कांचा जो मसुदा लिहिला, तो १९२४ सालीं जिनीव्हा येथें त्या वेळच्या राष्ट्रसंघानें स्वीकारला. त्यांतूनच १९५९ चा जाहीरनामा आणि १९८९ ची संहिता निघाली. म्हणजे जगाचा कायदा आकाशांतून पडला नाहीं. एका बाईच्या हातांतील पत्रकापासून तो सुरू झाला. मुलांना हें सांगितलें, कीं त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडलेला दिसतो.

कागदाला पाय नसतात, माणसांना असतात. वावर-वांगणीनंतरहि बालमृत्यु थांबले नाहींत. २०१६ सालीं मोखाड्याचें नांव पुन्हां त्याच कारणानें वृत्तपत्रांत झळकलें. तत्पूर्वीं २०१५ सालीं आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचें चौरस जेवण देणारी, डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवाची अमृत आहार योजना सुरू झाली होती. पुढें बालकांना अंडीं-केळींहि मिळूं लागलीं. योजना चांगली आहे. परंतु दिवाळीनंतर भातकापणी आटोपली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि तान्हें मूल त्यांच्याबरोबर जातें. गांवच्या अंगणवाडींत त्याचें नांव राहतें, मूल मात्र भट्टीवर. शिवाय अल्पवयांतील लग्नें, पावसाळ्यांत ओढ्यानाल्यांनीं तुटणाऱ्या वाटा, आणि आषाढ-श्रावणांत रिकाम्या होणाऱ्या कणग्या. भूक ही अशी साखळी आहे. ‘गरिबी’ या एका शब्दानें उत्तर दिलें, तर परीक्षेंत गुण मिळतील. साखळींतली एकहि कडी सुटणार नाहीं.

अंगणवाडींत एक साधी पट्टी असते. तीवर लाल, पिवळा व हिरवा असे तीन रंग असतात. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाभोंवतीं ती गुंडाळतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर पट्टी लाल रंग दाखविते. म्हणजे मुलाच्या जिवाला धोका आहे. हाच साडेअकराचा आंकडा सुदानांत लागू आहे, येमेनांत लागू आहे आणि मोखाड्यांतहि. अंगणवाडीच्या बाईंच्या संमतीनें मीं माझ्या वर्गाला ती पट्टी दाखविली. मघां सांगितलेला मुलगा पुढें सरला आणि ती हातांत घेऊन बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशीं तो आपल्या आईला घेऊन अंगणवाडींत गेला. बहिणीला तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें पाहिजे, हें बाईंनीं दोनदां सांगूनहि जें घडलें नव्हतें, तें त्यानें घडविलें. मूल वांचलें. जगाच्या प्रश्नावर कृति करणें म्हणजे दुसरें काय असतें?

दुसरी गोष्ट पाण्याची. भूगोलाच्या तासाला पर्जन्यमानाचा नकाशा शिकवीत होतों. जव्हार-मोखाड्यांत वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका मुलीनें उठून विचारलें, “गुरुजी, एवढा पाऊस पडतो, मग चैतांत आमची विहीर कां आटते?” पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. आम्हीं तें बाहेर जाऊन शोधलें. येथला खडक काळा कठीण, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळलेलें पाणी खडकांत मुरत नाहीं. तें ओढ्यांनीं नदीला आणि नदीनें समुद्राला मिळतें. मग उन्हाळ्यांत बाया-मुली दरींतल्या झऱ्याशीं वाटी-वाटीनें हंडा भरतात, नाहींतर टँकरची वाट पाहतात.

परंतु सारेंच पाणी समुद्राला मिळतें, असेंहि नाहीं. मुंबईकर श्रोत्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें, अशी माझी विनंति आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा याच भागांतून वाहते. तिच्यावर १९५७ सालीं मोडकसागर झाला. पुढें मोखाडा तालुक्यांतील कोचाळें गांवापाशीं मध्य वैतरणेचें शंभर मीटरांहून उंच धरण उभें राहिलें, आणि २०१४ पासून तें मुंबईस दररोज सुमारें साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्यासाठीं सज्ज झालें. आपल्या घरचा नळ सकाळीं सोडल्यावर ओंजळींत जें पाणी येतें, त्यांत मोखाड्याच्या डोंगरांवरचा पाऊस आहे. त्या डोंगरांवरचे कित्येक पाडे मात्र मे महिन्यांत तहानलेले असतात.

हें मी कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. मुंबईला पाणी हवेंच. तेथें राहणाऱ्यांत याच भागांतून गेलेले मजूरहि आहेत. माझें म्हणणें एवढेंच, कीं जगांत दोनशें कोटींहून अधिक माणसांना घरीं निर्धोक पाणी मिळत नाहीं, हें वाक्य पाठ करणाऱ्या शहरांतील मुलाला आपला नळ कोठून येतो, हेंहि ठाऊक असावें. जगाचा प्रश्न आपल्या मोरीपर्यंत आलेला आहे, हें त्याला कळलें, कीं पुढचे प्रश्न तो स्वतः विचारतो. पाणी देणाऱ्या डोंगराला शहर काय देतें? उतारावर बांध घालून, झऱ्याभोंवतीं टांकें बांधून, पाणी अडविण्यास किती खर्च येतो? या प्रश्नांना उत्तरें आहेत. तीं शोधण्यास कोणी निघालें पाहिजे.

आतां एक आनंदाची गोष्ट सांगतों. पण तिलाहि कांटा आहेच. राष्ट्रसंघानें २०२१ सालीं, भारताच्या सूचनेवरून, २०२३ हें भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी नागली आणि वरई जगाच्या सभेंत मानाच्या जागीं जाऊन बसली. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. तांदुळांत तें नांवापुरतें. कमी पाण्यावर, हलक्या जमिनींत ती येते. हवामान बदलून पाऊस लहरी झाला असतां असें धान्य जगाला हवेंहवेंसें वाटूं लागलें, यांत नवल नाहीं. कांटा तो हा, कीं त्याच नागलीची काळी भाकरी डब्यांत आणण्यास आमचीं मुलें लाजत असत. भात खाणारा तो शहाणा, नागली खाणारा तो अडाणी, असा समज आम्हीं शिकलेल्यांनींच पसरविला होता. मुंबईच्या दुकानांत नागलीचीं बिस्किटें सुबक वेष्टनांत विकलीं जातात आणि मोखाड्याचा शेतकरी नागली सोडूं पाहतो, हा विरोध मुलांनीं पाहावा, त्यावर विचार करावा. जगाला शिकविण्यासारखें आपल्याहि घरीं कांहीं आहे, हें ज्या मुलाला उमगलें, तें जगापुढें मान खालीं घालून उभें राहत नाहीं.

मग मुलांना शिकवावें तरी कसें? माझा अनुभव तीन शब्दांत सांगतां येईल : पाहा, मोजा, विचारा. प्रथम आपल्या परिसरांतील एक गोष्ट नीट पाहावी. मग ती मोजावी. विहिरीचें पाणी महिन्यागणिक किती खालीं गेलें, हें दोरीला गांठी मारून आमच्या मुलांनीं वर्षभर लिहून ठेवलें. आणि शेवटीं ज्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे, त्याला नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावें. जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रांतील तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानें येथील ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत, आणि अठरा वर्षें पूर्ण झालेला प्रत्येक मतदार त्या सभेचा सभासद असतो. आमच्या त्या मुलीनें अठराव्या वर्षीं ग्रामसभेंत उभें राहून विहिरीच्या पाण्याची ती वही वाचून दाखविली. सभा प्रथम हांसली. मग गप्प झाली. मग झऱ्यापाशीं टांकें बांधण्याचा ठराव झाला. तें टांकें पुरें होण्यास दोन वर्षें लागलीं. तीं दोन वर्षेंहि शिक्षणाचाच भाग होतीं, असें मी मानतों. कृति म्हणजे एका दिवसाचा उत्सव नव्हे. पाठपुरावा हें तिचें खरें नांव आहे.

शहरांतील पालकांना दोन शब्द. आपलीं मुलें सुट्टींत जव्हारकडे येतात, जुने कपडे व खाऊ वांटतात, छायाचित्रें काढतात आणि जातात. त्यांचा हेतु चांगला असतो, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं, एवढेंच त्या भेटींतून दोघेहि शिकतात. दया वाटणें सोपें आहे. समजून घेणें कठीण. पाठविणारच असाल, तर मुलांना कांहीं दिवस शिकण्यासाठीं पाठवा. हंडा डोक्यावर घेऊन चढण चढूं द्या. नागली कशी लावतात, तें पाहूं द्या. आणि आमच्या मुलांनाहि आपल्या घरीं बोलवा, म्हणजे नळाचें दुसरें टोंक त्यांनाहि दिसेल.

ही दृष्टि नवीन नाहीं. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला, बोर्डी येथें, १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. मूल शाळेंत येत नाहीं, म्हणून त्याला दोष देत न बसतां शाळाच मुलाच्या अंगणांत न्यावी, आणि तें गुरें राखण्यास गेलें असेल तर कुरणांतहि न्यावी, असें या दोघींनीं करून दाखविलें. आपणहि तेंच करावयाचें आहे. जगाचा प्रश्न मुलाच्या अंगणांत नेऊन ठेवावयाचा आहे.

तो निबंध लिहिणारा मुलगा आज मोठा झाला आहे. एकदां भेटला, तेव्हां मीं त्याला सहज म्हटलें, “तुझ्या त्या निबंधाला आठ गुण दिले, ते चुकलेच माझे.” तो हंसून म्हणाला, “गुरुजी, प्रश्न चुकला होता. गुण बरोबर होते.”

तेव्हां श्रोतेहो, आज रात्रीं जेवतांना आपल्या मुलांना जगाचा प्रश्न जरूर विचारा. पण तो असा विचारा : पानांतलें हें अन्न कोणीं पिकविलें, भांड्यांतलें हें पाणी कोठून आलें, आणि तें जेथून आलें, तेथल्या मुलांनीं आज काय खाल्लें? उत्तर त्यांना येणार नाहीं. कदाचित् आपल्यालाहि येणार नाहीं. मग उद्यां सकाळीं तें दोघांनीं मिळून शोधावयास निघावें.